पहिलं तेल

हट्टा, ता. वसमत
१२ फेब्रुवारी २०२५

अक्का,

नमस्कार करते, पण वाकून नाही. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्यापासून डॉक्टरांनी वाकणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं सगळं बंद केलंय, आणि तुम्ही माझ्या थोरल्या नणंद असलात तरी डॉक्टरांपुढे तुमचं काही चालणार नाही. फोन करत नाही, कारण गिरणीच्या पट्ट्याशेजारी उभं राहून राहून तुमचे कान गेलेत. मी इकडून ओरडते, तुम्ही तिकडून ओरडता, आणि आपल्या घरचं सगळ्या गल्लीला कळतं. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात मला मधेच कोणी तोडत नाही.

बातमी अशी की मी गाडी घेतली. हळदीच्या पैशातून, माझ्या नावावर. चार जाडजूड टायर, मोटारसायकलसारखं हँडल, मागे छोटी ट्रॉली. तिला ए.टी.व्ही. म्हणतात, पण गावातल्या लोकांनी पहिल्याच दिवशी बेडूक नाव ठेवलं. ठेवू द्या. आपलं रान नाल्यापलीकडे, आणि मला तिथवर चालायची बंदी. मग काय घरात बसून हळदीची पानं मोजू का?

तुमच्या भाच्याला, रुद्रला, हे पटलेलं नाही. त्याने पुण्यात बसून परस्पर ठरवलं, की पाडव्याला रान शेजारच्या कोंडीबाला बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कसायला द्यायचं आणि आईने पुण्याला यायचं. कोंडीबा त्या दिवशी नारळ घेऊन येणार, बोलणी पक्की करणार. मला विचारलं कोणी? मी फोनवर एवढा आवाज केला की शेवटी तो म्हणाला, "बरं. पाडव्यापर्यंत तू एकटी रानात जाऊन-येऊन कारभार करून दाखव. जमलं तर बटई नाही." आता शब्द दिलाय त्याने.

गाडीची पूजा राहिली आहे. सगळे म्हणतात, सवाशीण बोलाव, तू नारळ फोडू नको. मी म्हटलं, मग राहू द्या, गाडी काही नारळावर चालत नाही.

आणि जमतंय बरं का! रोज नेते. काल नाल्याच्या चिखलातून अशी काढली की बघत राहावं.

तुमची
शकू


पुणे
१८ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहितोय. कितीतरी वर्षांनी हातात पेन धरलंय, अक्षराला हसू नकोस.

आई माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल. तू तिला सांग, ती गाडी परत कर आणि माझ्याकडे ये. कोंडीबाकाका रान नीट बघतील. मला त्या जमिनीचा लोभ नाही, विकायचीही नाही.

बाबा बांधावर पडले तेव्हा दुपार होती. आम्हाला कळलं दिवे लागल्यावर. डॉक्टर म्हणाले, जवळ कोणी असतं तर कदाचित वाचले असते. तो कदाचित माझ्या डोक्यातून जात नाही, आत्या. आता आई त्याच बांधावर एकटी जाणार, तेही असल्या यंत्रावर बसून.

तिने हौसेने गाडीचा फोटो पाठवला. त्या गाडीला किलोमीटरबरोबर इंजिन किती तास चाललं तेही दाखवणारं मीटर असतं. फोटोत तासांचाच आकडा दिसतो. दहा दिवसांत अठरा तास! शेत एवढंसं, मग ही हिंडते कुठे? वसमतच्या रस्त्याला लागली असेल तर? ती गाडी रस्त्यावर न्यायची परवानगीसुद्धा नसते.

तू मोठी आहेस. तूच बोल.

रुद्र


पुसेगाव, ता. सेनगाव
२४ फेब्रुवारी २०२५

शकू,

आशीर्वाद नंतर, आधी शिव्या.

रुद्रचं पत्र आलं. अठरा तास तू हिंडतेस कुठे? रान नाल्यापलीकडे आहे की लंकेपलीकडे? माझा विश्वंभर परवा हसत होता. पाटीवर लिहून दाखवलं त्याने मला, "मामी रानोमाळ हिंडून राहिली म्हणं." मुलगा आईला असलं लिहून दाखवतो आणि आईने ते वाचून मान खाली घालायची, हे तुझ्यामुळे.

बस की आता. मी बसले की नाही? गिरणी माझ्या माणसामागे मीच चालवली, भरल्या घरात कोणाला एक दिवस पीठ कमी पडू दिलं नाही. कान गेले तशी पोरांनी गिरणी विकली. मग रानात जायला लागले, तर म्हणाले, "आई, मागून ट्रॅक्टर आला तर तुला ऐकू येत न्हाई, घरीच ऱ्हा." बरोबरच होतं त्यांचं. मी ओट्यावर बसले. लसूण सोलते, शेंगा फोडते, येणाऱ्या-जाणाऱ्याला बघते. आपल्या वयाच्या सगळ्या बायका बसतात, आणि तू काय आकाशातून पडलीस?

रुद्रचं काही चुकत नाही. माझा भाऊ रामजी कसा गेला ते तुला मी सांगायला नको. लेकराच्या जिवाला घोर लावू नकोस.

त्या बेडकाचा एक मोठा फोटो धाड. बघू तरी कशावर एवढं नाचून राहिलीस.

जिवनबाई


हट्टा
१ मार्च २०२५

अक्का,

हो, हिंडते! अठरा नाही, आता त्याहून जास्त झाले. सांगा विश्वंभरला. पाटी पुरणार नाही त्याची.

फोटो धाडते आहे. सुनिताने काढला आणि वसमतहून छापून आणला. सुनिता म्हणजे तांड्यावरच्या रूपाबाईची सून, स्वतःचा जुना ट्रॅक्टर भाड्याने चालवते. तिला कोणी बस म्हणत नाही, कारण ती बसली तर अर्ध्या गावाची नांगरणी बसेल.

गाडीची पहिली सर्व्हिसिंग आली आहे. नव्या गाडीचं तेल पहिल्या वीस तासांतच बदलायचं असतं, असं पुस्तकात आहे. शोरूमला फोन केला. तिथला पोरगा म्हणाला, एका गाडीसाठी मेकॅनिक गावात येत नसतो, टेम्पोत घालून आणा. वर म्हणतो, "और मॅडम, साहब को साथ लाइए."

मी म्हटलं, साहेब वर गेलेत, तिकडे टेम्पो जात नाही.

तो म्हणाला, घरी खोलली तर हमी जाईल. गेली तर गेली. माझ्या गुडघ्यांची तरी डॉक्टरांनी कुठे हमी लिहून दिली? सर्व्हिसिंग मी इथेच करणार आहे.

कोंडीबा रोज संध्याकाळी बांधावर उभा राहून आमची हळद बघतो, आतापासूनच आपली असल्यासारखी. बघू दे, बघायला पैसे पडत नाहीत.

शकू


पुसेगाव
७ मार्च २०२५

शकू,

फोटो आधी चष्म्याने पाहिला, मग नातवाचं भिंग घेऊन पाहिला.

नव्या टायरला रबराची बारीक कुसळं असतात. विश्वंभरने ट्रॅक्टर आणला तेव्हा मी ती हाताने कुरवाळून बघितली होती. रानात दोन फेऱ्या झाल्या की झडून जातात. तुझ्या टायरांची कुसळं जिथल्या तिथे आहेत. नाल्याचा चिखल सोड, चाकाला धूळ नाही.

तू ती गाडी चालवलीच नाहीस. मग ते तास आले कुठून?

आधी मला हसू आलं, मग राग आला. जगाशी खोटं बोल, रुद्रशी बोल, माझ्याशी काहून? तुझं लग्न होऊन तू आलीस तेव्हा पहिल्या भाकरी करपल्या, त्या मी खाल्ल्या होत्या, कोणाला कळू न देता.

आता माझंही ऐक. तुझं पहिलं पत्र वाचून माझ्या पोटात दुखलं. मी ओट्यावर आणि शकू नाल्यातून गाडी काढते, हे मला बघवलं नाही. म्हणून मी तुला तसं लिहिलं. रुद्रची काळजी वगैरे होतीच, पण खरं कारण हे. वाटलं, मी बसले तशी तूही बस, म्हणजे दोघी सारख्या होऊ. आणि ती गाडी नुसती शेडमध्ये उभी आहे हे फोटोत दिसलं, तर आनंद व्हायला हवा होता. नाही झाला गं. रात्रीचं जेवण गेलं नाही.

खरं काय ते लिही. पाडवा जवळ आला.

जिवनबाई


हट्टा
१४ मार्च, धुळवड

अक्का,

खोटं बोलले. तुम्हाला ऐकू येत नाही पण दिसतं फार, हे मी विसरले.

गाडी आली त्या दिवशी सगळं गाव अंगणात जमलं होतं. मी ऐटीत बसले. उजव्या अंगठ्याने हँडलवरचा कानासारखा एक खटका दाबायचा असतो, की गाडी पळते. मी दाबला तो जरा जास्तच. गाडीने उडी मारली आणि समोर काढून टाकलेल्या हळदीच्या ढिगात घुसली. लेकरं टाळ्या पिटून हसली. कोंडीबा म्हणाला, "वैनी, हे बायामानसाचं काम न्हाई. काहून हौस करून राहिल्या?" गाडी ढकलून शेडमध्ये ठेवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. भीती बसली अक्का. अंगठा तिकडे जाईच ना.

मग मला आठवलं, आपल्या विहिरीवर नवं डिझेल इंजिन बसवलं तेव्हा ह्यांनी ते जागच्या जागी दोन रात्री नुसतं चालू ठेवलं होतं. "नवं इंजिन बसू द्यावं लागतं," म्हणाले होते. मी तेच धरलं. रोज सकाळी शेडमध्ये गाडी चालू करायची, ब्रेक लावून वर बसायचं, हँडल धरायचं. आवाज सगळ्या गल्लीत जायचा. लोकांना वाटायचं शकूबाई निघाली. बसल्या बसल्या मलाही तसंच वाटायचं. त्या मीटरला काय, चाक फिरो न फिरो, इंजिन चाललं की तास लागले.

होळीच्या आदल्या दिवशी सुनिता आली. पुस्तकात हिंदीही आहे, ते तिने वाचलं आणि कपाळाला हात लावला. "मावशी, ह्यात तर उलटंच लिवलंय. नवं इंजिन एका जागी चालवून ठिवायचं न्हाई म्हंत्यात. कमी-जास्त येगानं हिंडवायचं. तुमी काय करून राहिल्या?"

म्हटलं, झालं ते झालं, तेल तर बदलू. ती म्हणाली मी करते. मी म्हटलं, घाबरले मी, मग खोलणार पण मीच. आता उकिडवं बसता येत नाही. मग चाकं दगडांवर चढवली, खाली पोतं अंथरलं आणि सरळ उताणी झोपून आत सरकले. डॉक्टरांनी उकिडवं बसायला बंदी केलीय, उताणं झोपायला नाही. खालून बघताना नट कुठल्या बाजूला सुटतो तेच कळेना. सुनिता वरून ओरडते एक, माझा हात जातो दुसरीकडे. शेवटी पान्याला असा हिसका दिला की नट सुटला आणि गरम तेल कोपरापर्यंत आलं. पण सुटला अक्का, माझ्या हाताने सुटला!

तेल घमेल्यात धरलं. सुनिताने पाय धरून मला बाहेर ओढलं, घमेलं उन्हात ठेवलं, आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. तेलात चमचम. बारीक, चांदीच्या भुकटीसारखी. सुनिताचा ट्रॅक्टर जुनाच घेतलेला, नव्या इंजिनाचं पहिलं तेल तिनेही कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "मावशी, आतलं लोखंड झिजलंय, इंजिन खाल्लं जणू."

नवं तेल भरलेलं नाही. घमेलं झाकून ठेवलंय. गाडी दगडांवर आहे, बाहेर लोक रंग खेळून राहिलेत आणि मी घमेल्यापाशी बसून आहे. कोंडीबाने पाडव्याचा नारळ आणून ठेवला म्हणे. शोरूमच्या त्या पोराला मी मरेन पण विचारणार नाही. तुम्ही यंत्रात जन्म काढलात. सांगा, मी इंजिन खाल्लं का? खाल्लं असेल तर तसं लिहा. मी रुद्रला स्वतः फोन करून सांगेन, की बाबा तू जिंकलास.

शकू


पुसेगाव
१८ मार्च २०२५

शकू,

पत्र पोस्टात टाकत नाही. वसमतला जाणाऱ्या माणसाच्या हाती धाडते.

आधी फोन ठेव खाली. रुद्रला काही सांगायचं नाही.

गिरणीचे नवे दगड टाकी घालून, म्हणजे छिन्नीने खडबडीत करून आणले, की पहिल्या पिठात कचकच येते. दगडाला दगड बसताना कण झडणारच. ते पीठ आम्ही कोणाच्या घरी जाऊ दिलं नाही, म्हशीलाही घातलं नाही, उकिरड्यावर टाकायचो. म्हणून काही गिरणी मोडली असं होत नाही. तुझ्या पुस्तकात पहिलं तेल लवकर काढा असं लिहिलंय ते उगीच नाही. ती चमक बाहेर यावी म्हणूनच ते काढतात.

तेल दोन बोटांत घे आणि चोळ. बारीक भुकटी असेल तर काही हरकत नाही. बोटाला तुकडा टोचला तर मात्र गाडीला हात लावू नकोस. नाही टोचला, तर ते तेल कुंपणाच्या खांबांना फास, वाळवी लागणार नाही. तेलाची गाळणीही बदल आणि नवं भर. हवेची गाळणी काढून बघ, तुझ्या शेडशेजारी हळदीला पॉलिश चालतं ना? सगळे नट पुन्हा आवळ. पहिल्यांदा गरम होऊन गार झालं की नवं लोखंड सैल पडतंच.

एक मात्र चुकलीस. रिकामी गिरणी चालवायची नाही. मध्ये दाणा नसला की दगड दगडाला खातो. नव्या दगडांवर आम्ही दाणे कमी टाकायचो, पण टाकायचो. तसंच तू ट्रॉलीत अर्धं ओझं घाल, थोडी हळू, थोडी जोरात, अशी रानात घेऊन जा. शेडमध्ये नाही, रानात.

हे लिहिता लिहिता माझ्यापुढे लसणाची पाटी होती. ती सुनेकडे सरकवली.

मी पाडव्याच्या आधी येते आहे. विश्वंभरला विचारलं नाही, सांगितलं. तो बराच वेळ काहीतरी बोलत होता. मला ऐकू आलं नाही.

जिवनबाई


हट्टा
३१ मार्च २०२५

चि. रुद्र,

तू फेब्रुवारीत पत्र लिहिलंस, त्याचं उत्तर आता देते. अक्षराला हसले नाही, माझं याहून वाईट आहे.

तू मला सांगितलं होतंस, आईशी बोल. बोलले. आता तुझ्याशी बोलते.

मी इथे आले तेव्हा तुझ्या आईने तेल बोटांत चोळून बघितलं होतं. तुकडा नव्हता. नवं तेल तिने स्वतः भरलं, साखळी ताणली, हवेची गाळणी काढली तर ती पिवळीधमक. हळदीची. झटकली, धुतली, वाळवली आणि बसवली. मी काय केलं ते पण सांगते. गाडी चालू असताना तिच्यावर पंजा ठेवला. मला आवाज येत नाही, पण थरथर हाताला कळते, गिरणीत तेवढंच शिकले. एका जागी वेगळी थरथर लागली. ट्रॉलीच्या कडीचा नट राहिला होता आवळायचा. तुझी आई म्हणाली, तिच्या कानांना ते कळलं नसतं.

मग ती बसली. अंगठा पुढे जाई आणि परत मागे येई, मी मागून बघितलं. मी ट्रॉलीत बसले आणि तिच्या पाठीत एक बुक्का घातला. तशी निघाली. नाल्यात एकदा अडकली. मी उतरून ढकलायला लागले तर म्हणते, "अक्का, बसा, मी काढते." मागे घेतली, पुन्हा घातली आणि काढली. त्या दिवसापासून रोज जातो. काढलेली हळद आणतो, हळद शिजवणाऱ्या माणसांची भाकरी नेतो. टायरांची कुसळं झडली, येशील तेव्हा बघ.

काल पाडवा. कोंडीबा नवं धोतर नेसून, टोपी घालून, नारळ घेऊन घरी आला. घराला कुलूप. गुढी उभी आणि माणूस नाही. बिचारा उन्हात रानापर्यंत चालत आला. तेव्हा तुझी आई गाडीवर होती आणि मी ट्रॉलीत हळदीच्या पोत्यांवर. पुढचं बोलणं तिने मला मागून सांगितलं.

तो म्हणाला, "वैनी, रुद्रनं सांगितलं व्हतं, आज बटईचं ठरवून टाकू."

ती म्हणाली, "रुद्रनं मला शब्द देल्ला व्हता. मी एकटीनं कारभार करून दाखवला तर बटई न्हाई. तुमच्या डोळ्यादेखत करून राहिले की न्हाई?"

तो म्हणाला, "व्हय, पण एकट्या कुठं? जिवनाक्का हायत की."

यावर ती म्हणाली, "त्यांना ऐकू येत न्हाई, मला चालता येत न्हाई. आमी दोघी मिळून एकच धरा."

मग तिने हात पुढे केला. "तो नारळ द्या इकडं." आणि गाडीच्या पुढच्या लोखंडावर फाडकन फोडला. गाडीची पूजा राहिली होती, सवाशिणीसाठी थांबलेली. पाणी उडालं ते कोंडीबाच्या टोपीवर. खोबऱ्याचा पहिला तुकडा तिने त्यालाच दिला. त्याने तो खाल्ला, हे पण खरं सांगते. मग गाडीभोवती एक चक्कर मारून टायर दाबून बघितले. माणूस वाईट नाही.

रुद्र, तू लिहिलंस ते वाचून मी रडले होते. रामजी माझा धाकटा भाऊ, पाठीवर बसवून वाढवलेला. पण बाळा, तो रानात होता म्हणून गेला नाही. एकटा होता म्हणून गेला. तुझ्या आईला पुण्यात तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवशील आणि तुम्ही दोघं नवरा-बायको दिवसभर कामाला जाल, तेव्हा ती एकटी नसेल का? इथे ती पडली तर मला दिसेल. मी पडले तर तिला ऐकू येईल. याहून चांगली व्यवस्था तुझ्याकडे असेल तर कळव.

माझ्या पोरांनाही पत्र टाकलंय. हळदीचं सगळं उरकेपर्यंत मी इथेच आहे. नंतरचं नंतर बघू. ओटा काही पळून जात नाही.

दुसरी सर्व्हिसिंग पावसाळ्याआधी येईल. त्या वेळी सुट्टी काढून ये, आणि तेलाचा डबा घेऊन ये. खाली उताणं तुलाच झोपावं लागेल, आम्ही दोघी वरून ओरडू. रानात यायचं असेल तर चालत ये. ट्रॉलीत एकच जागा आहे, तिथे मी बसते.

तुझी
जिवनआत्या